खोपीतली पिल्लं

भाद्रपदात कुत्री माजावर येतात. त्यानंतर ६३ दिवसांच्या आसपास, कार्तिक-मार्गशीर्षात, कुडाळच्या वाड्यावाड्यांत पिल्लं दिसू लागतात: मांगराच्या कोपऱ्यात, गवताच्या उडवीखाली, हायवेच्या कडेच्या बंद टपरीच्या आडोशाला. त्याच सुमारास जत्रा सुरू होतात, दशावतार बघायला माणसं रात्री-अपरात्री या गावातून त्या गावात जातात. पौष-माघापर्यंत त्या पिल्लांतली बरीचशी नाहीशी झालेली असतात. गाय-म्हैस मेली तर पंचनामा होतो. पिल्लू मेलं तर माडाच्या बुडाशी खड्डा खणला जातो आणि विषय संपतो.

या मरणाबद्दल दोघांचं बोलणं इथे मांडलं आहे. एक नाना, पिंगुळीच्या बाजूचे शेतकरी, जन्मभर कुत्रे बाळगलेले. दुसरी त्यांची पुतणी. ती चाकरमान्यांच्या घरी मुंबईत वाढली, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि आता कुडाळात प्राण्यांवर उपचार करते. दोघांना नावं दिलेली नाहीत. असे नाना आणि अशी पुतणी या भागातल्या पुष्कळ घरांत भेटतील. नानांची मालवणी आहे तशीच ठेवली आहे.

नाना: आमच्या वाडीत कुत्र्याक सुई कोणी टोचली? पेजेवर नि माशाच्या काट्यांवर वाढलेले कुत्रे धा-बारा वर्सां जगले. वाघान न्हेलो तर गेलो, रोगान नाय. रोग होतत ते तुमच्या विकतच्या केसाळ कुत्र्यांका. गावठी कुत्रो दणकट.

पुतणी: जो बारा वर्षं जगला तो तुम्हाला आठवतो, कारण तो बारा वर्षं डोळ्यांसमोर होता. त्याच्याबरोबर जन्मलेली किती होती?

नाना: सात.

पुतणी: बाकीची सहा?

नाना: एक मेव्हण्याक दिलंय. बाकीची गेली. पिलांचां काय, जातत.

पुतणी: तेच म्हणते मी. तुम्ही मोठा झालेला कुत्रा बघून जात दणकट ठरवता. पण तो दणकट दिसतो तो सातांतून उरला म्हणून. पार्व्हो नावाचा विषाणू गावठी आणि विकतचं बघत नाही. आईचं दूध सुटत आलेलं, सहा आठवडे ते सहा महिने वयाचं, लस नसलेलं कुठलंही पिल्लू त्याला चालतं.

नाना: पण ह्यो रोग आमच्या वेळार नव्हतो. रगाताची हगवण लागान सगळी व्यात मरता, ह्यां तरुणपणात मी बघूक नाय.

पुतणी: यात तुम्ही बरोबर आहात. कुत्र्यांचा हा रोग १९७८ च्या सुमारास पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आला. मांजरांतल्या एका जुन्या विषाणूचा हा नातेवाईक. दोन वर्षांत तो जगभर पोचला. तेव्हा जगातल्या जवळजवळ एकाही कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध ताकद नव्हती, त्यामुळे मोठे कुत्रेही पटापट मेले. भारतात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच्या नोंदी आहेत. तुमच्या वडलांच्या कुत्र्यांना लस लागली नाही हे खरं, पण त्यांच्यासमोर हा रोगच नव्हता.

नानांच्या आठवणीला इथे मान द्यायला हवा. शिकलेली माणसं ‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की कान बंद करतात. या बाबतीत पूर्वी खरोखर असं नव्हतं. पण नाना त्यातून काढतात तो निष्कर्ष, की पूर्वीसारखं वागलं तर पूर्वीसारखं होईल, तो मात्र टिकत नाही.

नाना: मगे आमच्या खोपीचां काय तां सांग. मागल्या परड्यातली खोप. थयसर पिलां जगणत नाय. एक वर्स कुत्री व्याली, सगळी गेली. फुडल्या वर्साक दुसरी कुत्री व्याली, तिचीव गेली. घराच्या पडवीत व्याली ती जगली. म्हणान जागेवाल्याक नारळ दिलंय, गाऱ्हाणां घातलां.

पुतणी: गाऱ्हाणं घातलंत त्याला माझी हरकत नाही. पण तुम्ही जे बघितलंत ते आम्हाला कॉलेजात शिकवतात. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून हा विषाणू अमाप बाहेर पडतो. सावलीतल्या, ओलसर मातीत तो कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. थंडीने मरत नाही, साबणाने मरत नाही. तुमची खोप फणसाखाली आहे, ऊन लागत नाही, जमीन मातीची. पहिली वीण मेली ती त्या जमिनीत विषाणू ठेवून गेली. दुसऱ्या कुत्रीची पिल्लं तिथेच रांगली. जागा बाधते हे तुमचं म्हणणं खरं आहे, नाना.

नाना: फिनेल ओतलंय की मी.

पुतणी: फिनेलचा वास आपल्याला समाधान देतो, पण या विषाणूला त्याने फारसं काही होत नाही. त्याला लागतं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग. आधी घाण काढायची, जागा धुवायची, मग ते ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. घाणीवरच ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. फरशीवर, शहाबादीवर, प्लास्टिकच्या थाळीवर हे चालतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालत नाही. तिथे एकच उपाय: वरची माती खरवडून काढा, छपराची झापं बाजूला करा, ऊन येऊ द्या आणि निदान एक वर्ष तिथे पिल्लू ठेवू नका.

पुढचं बोलणं लांबलं ते आजार ओळखण्यावर. मला यातला सगळ्यात गरजेचा भाग हाच वाटतो, कारण दवाखान्यात येणाऱ्या पिल्लांपैकी कितीतरी दोन दिवस उशिरा आलेली असतात आणि ते दोन दिवसच निकाल लावतात.

नाना: कळता कसां? पिलांका हगवण तर कायमच आसता.

पुतणी: हगवण नंतर येते. आधी पिल्लू खाणं सोडतं. सगळी पेजेच्या थाळीवर तुटून पडतात आणि एक मागे राहतं, कोपऱ्यात जाऊन पडतं, हाक मारली तर मान वर करतं आणि पुन्हा खाली ठेवतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या: आधी खाल्लेलं, मग पांढरा फेस, मग पिवळं पाणी. त्यानंतर पातळ हगवण, तिच्यात रक्त, आणि असा वास की एकदा घेतला की विसरत नाही. ताप असतो, पण शेवटाकडे अंग उलट गार पडतं. तुम्ही पहिल्या दिवशी, खाणं सोडलं तेव्हाच उचलून आणा. रक्ताची वाट बघू नका.

नाना: मी कुड्याच्या सालीचो काढो दितंय. माणसांची आंव थांबता त्यान.

पुतणी: इथे आतड्याच्या आतलं अस्तरच सोलून निघतंय. हा विषाणू शरीरातल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर जातो: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज, जिथे रक्ताच्या पांढऱ्या पेशी बनतात. अस्तर गेलं की आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांना अडवणाऱ्या पेशीही शिल्लक नसतात. पिल्लू मरतं ते पाणी कमी पडून आणि रक्तात विषार पसरून. उलट्या होणाऱ्या पिल्लाच्या तोंडात काढा ओतलात तर तो फुफ्फुसात जाऊ शकतो. आणि कृपा करून आपल्या घरातल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामोल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखी होऊ शकतात.

नाना: मगे तू काय वेगळां करतंस?

पुतणी: विषाणूला मारणारं खात्रीचं औषध माझ्याही हातात नाही. मी शिरेतून सलाईन लावते, उलटी थांबवते, जंतूंसाठी अँटिबायोटिक देते, पिल्लाला उबेत ठेवते, उलटी थांबली की थोडं थोडं खायला घालते. तेवढ्या वेळात त्याचं शरीर स्वतःच लढतं. काहीच केलं नाही तर दहातली नऊ जाऊ शकतात. वेळेत आणलं आणि नीट उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. आणि रक्त दिसलं म्हणजे पार्व्होच असंही नाही. अंकुशकृमी झाले तरी पिल्लाच्या विष्ठेत रक्त येतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. विष्ठेची पट्टीवरची चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. जंतांचं औषध तर दोन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरा दिवसांनी, आठ आठवड्यांपर्यंत द्यायचंच. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात.

मग नानांनी दुसरं एक पिल्लू आठवून सांगितलं. त्याच्या डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला. मग बरं झाल्यासारखं वाटलं, आणि पुढे त्याचा एक पाय झोपेतसुद्धा उडत राहिला. वाडीत म्हणाले, वारं गेलं. पुतणीने रोग लगेच ओळखला: डिस्टेंपर, माणसांच्या गोवराचा भाऊबंद. तळपायाच्या गाद्या जाड होतात, पोटावर पुळ्या येतात, शेवटी मेंदूत उतरला की जबडा चावल्यासारखे झटके येतात. विषाणू नाजूक, ऊन आणि साबण त्याला पुरतात. पण शिंकेतून पसरतो आणि मेंदूत गेल्यावर वाचलेलं पिल्लूही बहुधा अधूच राहतं. फ्रान्समध्ये आंरी कारे यांनी १९०५ साली तो विषाणूचा रोग असल्याचं दाखवलं.

नाना: जगणारो जगता, मरणारो मरता. रानातल्या जनावरांका कोण सुयो टोचता?

पुतणी: रानातल्या जनावरांसाठीच सांगते. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांच्यात हाच डिस्टेंपर सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश याच रोगात गेले. आपल्याकडे बिबटा, तुम्ही ज्याला वाघ म्हणता तो, वाडीतला कुत्रा उचलतो हे तुम्हीच सांगता. आंबोलीपासून तिलारीपर्यंतच्या रानात बिबटे आहेत, खरे वाघही आहेत. आजारी कुत्रा त्यांच्या पोटात गेला तर रोग कुत्र्यापाशी थांबेल याची खात्री कोण देणार?

नाना यावर काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

नाना: घशात काटो अडाकलो तर? मागे एका पिलाची जिवली भायर लोंबत होती, लाळ गळत होती, पाणी गिळूक येय नाय. मी तोंडात हात घालून बघलंय. काटो गावलो नाय.

पुतणी: ते पिल्लू पुढे जगलं?

नाना: दोन दिसांनी मेलां.

पुतणी: आणि तुम्ही दवाखान्यात गेलात?

नाना: कित्याक? चावूक नाय माका.

पुतणी: नाना, असं पुन्हा कधीही करू नका. जबडा लोंबणं, लाळ, गिळता न येणं, भुंकण्याचा आवाज घोगरा होणं ही रेबीजची लक्षणं असू शकतात. पिसाळलेला कुत्रा प्रत्येक वेळी धावून येत नाही. मुका, सुस्त, कोपऱ्यात पडून राहणाराही असतो. आणि रेबीज पिल्लांनाही होतो. आपल्या भागात मासे रोजचे, म्हणून सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा काटा येतो आणि हात तोंडात जातो. हाताला बारीक खरचटलेलं असलं, त्यावर लाळ लागली, तरी पुरे. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लस तिथे फुकट मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी खेळणारी मुलं असतील तर हा उतारा त्यांना वाचून दाखवावा. पिल्लाने दात लावला हे मुलं मार बसेल म्हणून लपवतात. त्यांना ओरडू नये, आधी नळाखाली न्यावं.

आता नानांनी त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा काढला. पुतणीला तो ठाऊक होता, कारण दर आठवड्याला कोणीतरी तो तिच्यासमोर ठेवतोच.

नाना: शेजाऱ्याच्या पुण्यातल्या झिलान लॅब्राडोर हाडलो. सहा आठवड्यांचा पिल्लू. सुई मारल्यानी, कार्ड केल्यानी. तरीव म्हयन्याभरान रगात हगान मेलां. मगे सुई कित्याक?

पुतणी: एकच दिली होती?

नाना: एकच. पुढची राहान गेली.

पुतणी: मग मी सांगते काय झालं. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचं चीक-दूध पितं, त्यातून आईच्या रक्तातली रोगाविरुद्धची ताकद त्याला मिळते. आईकडून आलेली ताकद म्हणजे शेजारून उसनं आणलेलं भात: घरचं पीक येईपर्यंत भागवतं, पण संपतं. दर दहा दिवसांनी ती साधारण निम्मी होते. आणि जोवर ती अंगात आहे तोवर ती लसीलाही रोग समजून मारून टाकते. सहाव्या आठवड्यात दिलेली लस त्या लॅब्राडोरच्या अंगात बहुधा अशीच वाया गेली. नंतर आईची ताकद उतरली, रोगाला अडवण्याइतकी राहिली नाही, आणि दुसरी सुई मिळाली नव्हती. त्या मधल्या दिवसांत त्याला रोगाने गाठलं.

नाना: म्हणजे आवशीचां दूदच आडवां येता?

पुतणी: येतं, आणि ते वाचवतंही. कुठल्या पिल्लात ते कधी उतरेल हे बघून कळत नाही. एकाच विणीतल्या दोघांत आठवड्यांचा फरक पडतो: जे जास्त प्यालं त्याचं उशिरा उतरतं. म्हणून एका सुईवर विसंबायचं नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये सांगितलं की त्यानंतरची एक मात्रा वर्षभर न थांबता सहा महिन्यांच्या वयातच द्यावी, म्हणजे कोणी चुकलं असेल तर तेही धरलं जाईल. रेबीजची वेगळी, तीन महिने झाल्यावर, मग वर्षाने पुन्हा. कुडाळच्या पावसात चिखलातून, उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो. भातलावणीत माणसांना त्याच्या गोळ्या वाटतात, तोच. त्याच्या दोन मात्रा आणि दर वर्षी एक.

नाना: चार-पाच सुयो एका पिलाक! भाताक दर काय मिळता तां बघलंस? हयसर मजुराक देवक पैशे नाय. आणि लायट गेली की तुमचो फ्रीज बंद. ती लस गरम झाली तर पाणीच की ती.

पुतणी: दोन्ही खरं आहे. लस दोन ते आठ अंशांतच राहायला हवी. पावसात रात्रभर वीज जाते, म्हणून लस ज्याच्याकडून घेता त्याला विचारा: फ्रीजला इन्व्हर्टर आहे का, बर्फाच्या डब्यातून आली का, कुपी तुमच्यासमोर फोडली का, तिच्यावरचं लेबल कार्डावर चिकटवलं का. विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पैशांचं म्हणाल, तर सगळ्या मात्रा परवडत नसतील आणि एकच देणं शक्य असेल, तर ती सहाव्या आठवड्यात देऊ नका. सोळा आठवडे झाल्यावर द्या. तेव्हा आईची ताकद उतरलेली असते आणि ती एक सुई लागू पडायची शक्यता सर्वांत जास्त. लोक उलट करतात: पिल्लू आणलं त्या उत्साहात पहिली देतात, शेवटची विसरतात.

नाना: नि सोळा आठवडे त्याका काय देव्हाऱ्यात ठेवू?

पुतणी: अंगणात ठेवा, आपल्याच घरच्या, लस झालेल्या कुत्र्यांत राहू द्या. बाजारात, एसटी स्टँडवर, जत्रेत जमिनीवर सोडू नका. न्यायचंच तर कडेवर न्या. माझ्या दवाखान्यातसुद्धा खाली ठेवू नका, तिथे तर रोज आजारी पिल्लं येतात. जत्रेतून आलात की चपला खळ्याबाहेर काढा, पाय धुवा. विषाणू चपलेच्या तळाला चिकटून घरी येतो. माकडं-डुकरं राखायला मोठे कुत्रे आहेत. चार महिन्यांच्या पिल्लाकडून तुम्हाला राखण नको आहे.

खर्चाच्या मुद्द्यावर नाना हटले नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी हटूही नये. कोकणातल्या कुत्र्यांतले बरेचसे कोणा एकाचे नसतात, वाडीचे असतात. चार घरं त्यांना खायला घालतात आणि कार्ड कोणाच्याच नावावर होत नाही. घराघरांना शिकवून सगळं भागेल असं पुतणीला वाटत असेल, तर मला ते अपुरं वाटतं. तिलाही ते माहीत होतं, म्हणून तिने बांद्यापलीकडचं उदाहरण काढलं. गोव्यात २०१३-१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगाव जाळी घेऊन कुत्रे धरले, टोचले, रंग लावून सोडले, फोनवर प्रत्येकाची नोंद ठेवली. लक्ष्य होतं शंभरातल्या निदान सत्तर कुत्र्यांना दर वर्षी लस. तीन महिन्यांखालची पिल्लंही सोडायची नाहीत, असं अशा मोहिमांसाठी जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जून २०२१ मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केलं.

नाना: तां रेबीजचां. माणसाक भंय आसा म्हणान सरकार धावला. पिलांच्या हगवणीक कोण धावतलो?

पुतणी: सरकार धावणार नाही, हे धरून चाला. पण एक गोष्ट वाडीला परवडेल. पिल्लांऐवजी आईपासून सुरू करा. माजावर येण्याआधी, आषाढातच, वाडीतल्या तीन-चार कुत्र्यांना टोचून घेतलं, तर पुढच्या विणीत चीक-दुधातून जास्त ताकद जाईल. पिल्लांना दिवस जास्त मिळतील. आणि ज्यांची वीण नकोच आहे त्यांचं ऑपरेशन करून घ्या, म्हणजे मरायला पिल्लंच कमी जन्मतील.

नाना: ऑपरेशनाचां वाडीत कोण ऐकूचो नाय. सुईचां विचारून बघतंय. पण सगळे पैशे देतले म्हणान धरू नको.

पुतणी: जेवढे देतील तेवढ्यांत जी कुत्री सगळ्यात जास्त वेळा व्याली आहे तिच्यापासून सुरू करू. तिला धरणार कोण? माझ्या हाती ती यायची नाही.

नाना: मी धरतंय. माज्या हातची भाकरी खाता ती. तू लस बर्फात घालून घरार ये, सकाळी लवकर. उन्हाची ती खंय जाता ता माकाव कळणा नाय.